कारखान्यातील प्रशिक्षणासाठी एलएमएस निवडताना: वाळूजच्या एका प्रशिक्षण विभागप्रमुखांना सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज आणि शेंद्रा, तसेच जालना अशा तीन ठिकाणी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या आपल्या कंपनीत सुमारे ६०० कायम आणि ९०० कंत्राटी कामगार आहेत. प्रशिक्षणाच्या नोंदी आजवर रजिस्टरमध्ये आणि एक्सेलमध्ये राहिल्या. मागच्या ऑडिटमध्ये एका ऑपरेटरची नोंद वेळेत सापडली नाही म्हणून शेरा आला आणि त्यानंतर व्यवस्थापनाने एलएमएस, म्हणजे प्रशिक्षण देण्याची आणि त्याच्या नोंदी ठेवण्याची संगणक प्रणाली, घेण्यास मंजुरी दिली. तीन विक्रेत्यांचे डेमो झाले, तिन्ही चांगले वाटले, तर यांतली कोणती घ्यावी, असे आपण विचारले आहे.

मी १९ वर्षे याच पट्ट्यात कारखान्यांतील प्रशिक्षणाचे काम करतो आहे आणि या काळात सहा ठिकाणी एलएमएस निवडण्याच्या प्रक्रियेत होतो. त्यांतल्या दोन निवडी चुकल्या. तिन्ही डेमो चांगले वाटले यात नवल नाही. डेमोमधला कर्मचारी कार्यालयात बसलेला असतो, त्याच्यासमोर लॅपटॉप असतो, त्याला कंपनीचा ईमेल असतो, इंग्रजी सहज वाचता येते आणि त्याच्या हातात निवांत अर्धा तास असतो. आपल्या १,५०० माणसांपैकी असे किती आहेत, हे आपण मोजावे. माझ्या अनुभवाप्रमाणे हा आकडा शंभर-दीडशेच्या पुढे सहसा जात नाही. म्हणून कोणती एलएमएस, हा प्रश्न थोडा मागे ठेवून, आपल्याला नोंद नेमकी कशाची हवी आहे आणि ती उद्या कोण मागणार आहे, हे आधी कागदावर लिहून काढावे. निवडीचे जवळजवळ सगळे निकष त्या एका कागदातून निघतात.

ऑडिटर आपल्याला काय विचारतो ते आठवून पाहा. तो लाइनवर उभा राहतो, एका ऑपरेटरकडे बोट दाखवतो आणि विचारतो की हा माणूस आज या मशीनवर आहे, तर या मशीनच्या एसओपीची (काम करण्याच्या लेखी पद्धतीची) चालू रिव्हिजन (आवृत्ती) कोणती, त्या रिव्हिजनवर याला कोणी आणि कधी शिकवले, आणि याला ते जमते हे कोणी तपासले. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१:२०१५ या मानकाच्या कलम ७.२ मध्ये सक्षमतेचा पुरावा म्हणून लेखी नोंद राखण्याची अपेक्षा आहे, आणि वाहन उद्योगासाठीच्या आयएटीएफ १६९४९ या मानकाच्या ७.२.२ मध्ये प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणाची जी अट आहे तिच्यात कंत्राटी आणि एजन्सीमार्फत आलेल्या माणसांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ‘ते आमच्या पटावर नाहीत’ हे उत्तर चालत नाही. आपल्याकडे ही ९०० माणसे आहेत, आणि कोणत्याही विक्रेत्याशी बोलताना ती पहिल्या वाक्यात आली पाहिजेत.

आता या चार गोष्टींपैकी बहुतेक एलएमएस फक्त एकच गोष्ट उत्तम करतात: अमुक व्यक्तीने अमुक कोर्स अमुक तारखेला पूर्ण केला, एवढी नोंद. पण कोर्स पूर्ण होणे आणि काम येणे यांत मोठे अंतर आहे. वेल्डिंगचा १५ मिनिटांचा व्हिडिओ पाहून दहापैकी नऊ उत्तरे बरोबर देणारा मुलगा टॉर्च हातात घेतल्यावर काय करतो, हे त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या सुपरवायझरलाच कळते. म्हणून डेमोमध्ये माझा पहिला आग्रह असा असतो की सुपरवायझरने लाइनवर उभ्या उभ्या, स्वतःच्या लॉगिनमधून, ऑपरेटरचे काम पाहून टप्प्याटप्प्याने खूण करावी, शेवटी शेरा लिहावा, आणि ती नोंद त्या ऑपरेटरच्या खात्यात तारखेसह बसावी, हे करून दाखवा. काही प्रणालींमध्ये याला निरीक्षण-तक्ता म्हणतात, काहींमध्ये ओजेटी (प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण) चेकलिस्ट. नाव काहीही असो, ही सोय मूळ रचनेत नसेल तर आपली स्किल मॅट्रिक्स (कोणाला कोणते काम किती येते याचा तक्ता) पुन्हा एक्सेलमध्येच राहणार आणि एलएमएस हे व्हिडिओ दाखवण्याचे महागडे साधन होणार. मॅट्रिक्सचा तो पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण भरलेला गोल प्रत्येक लाइनच्या फलकावर आजही हाताने रंगवला जातो. तो गोल ज्या नोंदीवरून भरायचा ती नोंद प्रणालीत असायला हवी.

रिव्हिजनचा मुद्दा याहून बारीक आहे आणि नेमका तोच डेमोमध्ये सुटतो. समजा एसओपीची रिव्हिजन ३ होती आणि ४० जणांनी त्यावरचे प्रशिक्षण घेतले. ग्राहकाच्या तक्रारीनंतर एक तपासणी वाढली आणि रिव्हिजन ४ निघाली. आता प्रणालीने दोन गोष्टी एकाच वेळी करायला हव्यात. रिव्हिजन ३ ची जुनी नोंद अबाधित राहिली पाहिजे, कारण मार्चमध्ये बनलेल्या मालाबद्दल प्रश्न आला तर मार्चमधले प्रशिक्षण दाखवावे लागते. आणि ते ४० जण रिव्हिजन ४ साठी पुन्हा ‘बाकी’ दिसले पाहिजेत. अनेक ठिकाणी जुना कोर्स उघडून त्यातली फाइल बदलली जाते, आणि प्रणाली सगळ्यांना ‘पूर्ण’च दाखवत राहते. ही चूक मी स्वतः एका कारखान्यात होऊ दिली होती, आणि तिच्यामुळे तीन महिन्यांच्या नोंदी अर्थहीन झाल्या होत्या. फोर्कलिफ्ट, क्रेन, अग्निशमन यांसारख्या मुदत असलेल्या प्रशिक्षणांनाही हेच लागू आहे. मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी सुपरवायझरला सूचना जाते का, आणि मुदत संपल्यावर ‘वैध’ आपोआप ‘अवैध’ होते का, हे पाहावे.

यानंतर ओळखीचा प्रश्न येतो, आणि आपल्या भागात तो विशेष अवघड आहे. पैठण, गंगापूर, वैजापूर, बदनापूर या बाजूंनी येणारे आपले कंत्राटी कामगार जूनमध्ये पेरणीला आणि पुढे कापूस वेचणीला गावी जातात. परत येतात तेव्हा पुष्कळदा ठेकेदार बदललेला असतो आणि टोकन नंबर नवा असतो. टोकन नंबर हीच ओळख धरली तर एकाच माणसाची प्रणालीत तीन खाती होतात. पहिल्या खात्यावर पॉवर प्रेसचे प्रशिक्षण असते, तिसऱ्यावर काहीच नसते, आणि तो उभा असतो पॉवर प्रेसवरच. यावर मला सापडलेला व्यवहार्य उपाय म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा यूएएन (सार्वत्रिक खाते क्रमांक) ही अंतर्गत कायम ओळख म्हणून वापरणे. तो २०१४ पासून दिला जातो आणि ठेकेदार बदलला तरी माणसाचा तोच राहतो. आधार क्रमांक मात्र एलएमएसमध्ये मुळीच ठेवू नये. त्याची गरज नाही आणि जोखीम मोठी आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार ही माहिती सांभाळण्याची जबाबदारी आपल्या कंपनीवर येते, विक्रेत्याकडे बोट दाखवून ती टळत नाही.

लॉगिनबद्दल एक प्रसंग सांगतो. एका कारखान्यात नवी प्रणाली सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या शिफ्टच्या सुरुवातीला, मी इंडक्शन हॉलमध्ये टॅबलेटजवळ उभा होतो. पन्नाशीच्या पुढचे एक ग्राइंडिंग ऑपरेटर आले. तीस वर्षांचा अनुभव, हाताला कूलंटचा वास, बोटांच्या रेषा झिजलेल्या. त्यांचा पासवर्ड कागदाच्या चिठ्ठीवर लिहिलेला होता: एक मोठे इंग्रजी अक्षर, काही लहान अक्षरे, एक विशेष चिन्ह आणि चार आकडे. मोठे अक्षर कसे आणायचे हे त्यांना कोणी दाखवले नव्हते. पाच प्रयत्नांनंतर खाते बंद झाले. मागे २२ माणसे रांगेत होती आणि लाइन सुरू व्हायला नऊ मिनिटे उरली होती. ते मला म्हणाले, ‘साहेब, मला काम येतं, हे येत नाही.’ त्या वाक्यानंतर मी कोणत्याही कारखान्यात ईमेल आणि पासवर्डवर चालणारी प्रणाली कामगारांसाठी सुचवलेली नाही. ओळखपत्रावरचा क्यूआर कोड आणि चार आकडी पिन, एवढे पुरेसे असावे. मोबाइलवर ओटीपी पाठवणे सोपे वाटते, पण नंबर वारंवार बदलतात आणि पुष्कळ शॉपमध्ये मोबाइल नेण्यास मनाई असते. अंगठ्याच्या ठशावर विसंबणेही ग्राइंडिंग, फाउंड्री आणि प्लेटिंगच्या विभागांत जमत नाही, कारण ठसे उमटतच नाहीत.

मराठीच्या बाबतीत ‘आमची प्रणाली मराठीत आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. त्याचा अर्थ बहुधा बटणांवरची नावे मराठीत आहेत एवढाच असतो. मी चार चाचण्या घेतो. पहिली म्हणजे ज्ञानेश्वर, क्षीरसागर, त्र्यंबक, शार्दूल अशा जोडाक्षरांच्या नावांची प्रमाणपत्रे पीडीएफमध्ये काढून पाहावीत. पडद्यावर नीट दिसणारी नावे पीडीएफमध्ये मोडून पडतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो आणि वेलांटी सुटी होते. ज्या माणसाच्या आयुष्यातले ते कदाचित पहिले छापील प्रमाणपत्र आहे, त्याच्या हातात मोडके नाव देणे मला कधीच पटलेले नाही. दुसरी चाचणी कामगारांच्या यादीची. एक्सेलमधून सीएसव्ही (साधी मजकूर-फाइल) करताना ती यूटीएफ-८ या मराठी अक्षरे जपणाऱ्या स्वरूपात जतन केली नाही तर सगळी मराठी नावे प्रश्नचिन्हे होऊन जातात, म्हणून तीच फाइल डेमोमध्ये चढवायला लावावी. तिसरी आपल्या जुन्या एसओपींची. त्या श्री-लिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील, तर युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय प्रणालीत ना नीट दिसतील ना शोधता येतील. हे काम कोणतीही एलएमएस आपोआप करत नाही. त्याला लागणारे दिवस आणि तपासणीचे मनुष्यबळ आपल्या वेळापत्रकात आजच धरावे. चौथी चाचणी आवाजाची आहे. ज्यांना वाचन जड जाते त्यांच्यासाठी प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक पर्याय ऐकता आला पाहिजे. तो आवाज आपल्याच एखाद्या सुपरवायझरचा असावा, कारण भाषांतर करून आणलेल्या एका कोर्समध्ये ‘आपत्कालीन थांबा कळ दाबावी’ असे वाक्य होते आणि आमच्या लाइनवर तिला सगळे ‘लाल बटन’ म्हणतात. सुरक्षेच्या प्रशिक्षणात या फरकाची किंमत हाताची बोटे असू शकते. जालन्याच्या शाखेत बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेले कामगार असतील तर तोच कोर्स हिंदी आवाजात देता यावा, मात्र दोन्ही भाषांची नोंद एकाच कोर्सखाली जमा व्हावी, हेही तपासावे.

इंटरनेटचा हिशेब साधा आहे पण तो कोणी करत नाही. एक मेगाबिट प्रतिसेकंद दराचा १० मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे सुमारे ७५ मेगाबाइट. शिफ्ट बदलताना ४० जणांनी तो एकदम उघडला तर ४० मेगाबिटची जोडणी केवळ त्यासाठी लागते, आणि त्याच जोडणीवर आपले ईआरपी (कंपनीच्या व्यवहारांची संगणक प्रणाली) आणि डिस्पॅचची बिले चालतात. पत्र्याच्या शेडमध्ये वायफायची अवस्था काय असते हे मी सांगायला नको. म्हणून टॅबलेटवर कोर्स आधी उतरवून ठेवता येतो का, जोडणी नसताना दिलेली उत्तरे साठून राहतात का, आणि जोडणी आल्यावर ती मूळ तारखेसह वर जातात का, हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे विचारावेत. तिसऱ्याचे उत्तर बहुधा अडखळत येते.

तांत्रिक मानकांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही, पण दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. कोर्स आणि एलएमएस यांच्यात नोंदींची देवाणघेवाण कशी व्हावी हे ठरवणारे स्कॉर्म १.२ हे २००१ चे मानक आजही सर्वाधिक चालते, आणि त्यात शिकणारा कोठवर आला हे जतन करायला केवळ ४,०९६ अक्षरांची जागा असते. त्यामुळे दोन-अडीच तासांचा, खूप प्रश्नांचा एकच कोर्स बनवला तर मध्येच सोडून परत आलेल्या माणसाची प्रगती हरवू शकते. कोर्स दहा-बारा मिनिटांचे ठेवावेत हा शिक्षणशास्त्राचा सल्ला आहेच, तो या मानकाचाही आहे. दुसरे म्हणजे २०१३ मध्ये आलेले एक्सएपीआय हे मानक ब्राउझरबाहेरच्या नोंदीही घेऊ शकते आणि सुपरवायझरच्या निरीक्षणासाठी ते उपयोगी आहे. मात्र ‘आम्ही ते चालवतो’ असे म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून त्या नोंदींचा प्रत्यक्ष अहवाल पाहिल्याशिवाय त्याला गुण देऊ नयेत.

आता प्रत्यक्ष पर्यायांकडे येतो. मूडल ही मार्टिन डोगियामास यांनी ऑस्ट्रेलियात सुरू केलेली मुक्त स्रोत (मूळ कोड सर्वांना खुला असलेली) प्रणाली २००२ पासून उपलब्ध आहे आणि तिला माणशी परवाना शुल्क नाही. ती महाविद्यालयांसाठी घडली, त्यामुळे मूळ मूडलमध्ये मुदत संपल्यावर पुन्हा प्रमाणित करण्याची सोय प्लगइन जोडून घ्यावी लागते. त्याच कुळातली टोटारा मात्र कामाच्या ठिकाणांसाठीच घडवली गेली आहे. फ्रॅपे या भारतीय कंपनीचीही मुक्त स्रोत एलएमएस आहे आणि ज्यांचे ईआरपी त्याच घराण्यातले आहे त्यांनी ती जरूर पाहावी. गूगल क्लासरूम आणि व्हॉट्सअॅपचे गट शिकवायला उपयोगी आहेत, पण ऑडिटसमोर ठेवायची नोंद त्यांतून उभी राहत नाही.

मुक्त स्रोत म्हणजे फुकट, हा समज मात्र मनातून काढावा. सर्व्हर, रोजचा बॅकअप, सुरक्षेचे अद्ययावतन आणि हे सगळे पाहणारा माणूस यांचा खर्च असतोच, आणि तो माणूस नोकरी सोडून पुण्याला गेला तर प्रणाली अनाथ होते. दुसऱ्या बाजूला माणशी दरात एक वेगळा सापळा आहे. केवळ हिशेबासाठी माणशी महिना ६० रुपये धरले, तर १,५०० जणांचे महिन्याला ९०,००० आणि वर्षाला १०,८०,००० रुपये होतात, आणि १८ टक्के जीएसटी धरून १२,७४,४०० रुपये. पण करारात ‘नोंदलेले’ कामगार लिहिले असतील आणि कंत्राटी माणसे येत-जात राहून वर्षअखेरीस नोंदलेली खाती २,३०० झाली, तर त्या महिन्याचे करापूर्वीचे बिल १,३८,००० रुपयांवर जाते, आणि त्यातली ८०० माणसे कारखान्यात नसतात. म्हणून दर ‘त्या महिन्यात प्रत्यक्ष लॉगिन केलेल्या’ माणसांवर हवा, आणि बंद केलेल्या खात्यांच्या नोंदी शुल्काशिवाय जपल्या जाव्यात, अशी दोन वाक्ये पर्चेस ऑर्डरमध्ये आलीच पाहिजेत.

औषधनिर्मितीतील जे वाचक हे वाचतील त्यांच्यासाठी एवढेच की अमेरिकेला निर्यात होत असेल तर तिथल्या २१ सीएफआर भाग ११ या नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी, बदलांचा माग आणि प्रणालीचे व्हॅलिडेशन या अटी सर्वांत आधी येतात, आणि वर सांगितलेले पुष्कळसे पर्याय तिथेच गळतात. आपल्या सुट्या भागांच्या कारखान्याला ते ओझे नाही.

आपल्या जागी मी असतो तर काय केले असते, हे स्पष्ट सांगतो. आपल्याकडे आयटीचा एकच माणूस आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून स्वतःच्या सर्व्हरवर काहीही बसवण्याच्या भानगडीत मी पडलो नसतो. तीन विक्रेत्यांपैकी ज्याने सुपरवायझरचे निरीक्षण, रिव्हिजन आणि क्यूआर लॉगिन या तीन गोष्टी आपल्या माणसांसमोर चालवून दाखवल्या, त्याच्याशी फक्त एका वर्षाचा करार केला असता, तीन वर्षांसाठी मिळणारी सवलत नाकारून. तिघांपैकी कोणीच हे दाखवू शकले नाही, तर मूडल किंवा टोटारा चालवून देणाऱ्या एखाद्या सेवा-पुरवठादाराकडे गेलो असतो. करार संपताना सर्व नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात ३० दिवसांत परत मिळाव्यात, आणि त्यांनी बनवलेल्या कोर्सच्या मूळ, बदलता येणाऱ्या फाइल आपल्या मालकीच्या असाव्यात. हे कलम नसल्यामुळे एका कंपनीला एसओपीतला एक आकडा बदलण्यासाठी दर वेळी विक्रेत्याला पैसे मोजताना मी पाहिले आहे.

करारापूर्वी पायलट (छोट्या प्रमाणावर चाचणी) करावा, आणि तो वाळूजच्या कार्यालयात न करता जालन्याच्या तिसऱ्या शिफ्टमध्ये करावा. २५ माणसे घ्यावीत: दहा कंत्राटी, त्यांतले दोन नुकतेच परत आलेले, पाच वाचनाला अडखळणारे, तीन हिंदी बोलणारे, दोन सुपरवायझर आणि उरलेले कायम ऑपरेटर. तीन आठवडे चालवून मध्येच एक दिवस इंटरनेट मुद्दाम बंद ठेवावे, एका एसओपीची रिव्हिजन बदलावी, आणि शेवटच्या दिवशी आपल्या गुणवत्ता विभागातल्या कोणालाही लाइनवर उभे करून एका ऑपरेटरकडे बोट दाखवायला सांगावे. पाच मिनिटांत त्याची संपूर्ण नोंद, शिकवणाऱ्याच्या आणि तपासणाऱ्याच्या नावासह, टॅबलेटवर यावी. तारखा ठरवताना दिवाळीच्या आसपासचे पंधरा दिवस आणि पेरणीचा जून टाळावा, कारण तेव्हा निम्मे कंत्राटी कामगार गावी असतात आणि ज्यांच्यासाठी ही सगळी खटपट चालली आहे, नेमके तेच चाचणीतून सुटतात.